मालकसाहेब, एकदा समोर येऊन बसा

क्लबचे मालक, सीईओ आणि मॅनेजमेंटमधली सगळी मंडळी,

नमस्कार.

या पत्रात क्लबचं नाव लिहिलेलं नाहीये, मुद्दामच. नाव टाकलं की सगळं भांडण त्या नावाभोवतीच फिरत बसतं आणि खरी गोष्ट बाजूला राहते. कोणाबद्दल चाललंय ते तुम्हाला कळेलच, आणि आपल्या स्टँडमध्ये बसणाऱ्यांना तर पुढच्या चार ओळीतच कळेल.

गेल्या शनिवारी मी भांडुपवरून निघालो, दादरला गाडी बदलली, चर्चगेटला उतरून चालत ग्राउंडवर. सोबत माझा भाचा, नऊ वर्षांचा, ग्राउंडवर जाऊन बघितलेली त्याची पहिलीच मॅच. ८९व्या मिनिटापर्यंत आपण एक गोलने पुढे, भाचा खुर्चीवर उभा राहून ओरडतोय, घसा बसलाय त्याचा. आणि मग त्यांना कॉर्नर मिळाला. खरं सांगतो, बॉल ठेवायच्या आधीच मला माहीत होतं काय होणार, मलाच काय आमच्या अख्ख्या रांगेला माहीत होतं, कारण या सीझनमध्ये आपण हाच गोल परत परत खाल्लाय, पहिल्या पोस्टला, म्हणजे कॉर्नरच्या बाजूच्या गोलच्या खांबापाशी, आपला कोणी उभाच राहत नाही, त्यांचा एक जण पळत येऊन डोक्याने बॉल मागे ढकलतो आणि मागे दुसरा एकटा मोकळा. तेच झालं. माझ्या मागच्या काकांनी तर कॉर्नर घेतला जातानाच डोळे मिटून घेतले होते. भाच्याने मला विचारलं, "मामा, तिथे आपलं कोणीच का नव्हतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री घरी पोचेपर्यंत क्लबकडून मेसेज आलेला, मोलाचा एक पॉइंट मिळवला म्हणून.

तो "मोलाचा" शब्द वाचल्यावर मी हे पत्र लिहायला बसलो.

हरतो म्हणून लिहीत नाहीये. हरण्याची आम्हाला सवय आहे, या शहरात फुटबॉल बघणाऱ्याला कुठल्या तरी टप्प्यावर ती करून घ्यावीच लागते. आणि आपण काही फार हरतही नाही. टेबलच्या मधोमध असतो आपण, दर वर्षी, खाली जायची भीती नाही आणि वर जायची आशा नाही, मार्च आला की उरलेल्या मॅचेसना काही अर्थच उरत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी बसून राहणं हे नशीब नसतं हो, कोणीतरी तसं ठरवलेलं असतं किंवा कोणी काहीच ठरवलेलं नसतं. आपल्या बाबतीत दुसरं आहे असं मला वाटतं. या क्लबला काय व्हायचंय हेच कोणी कधी ठरवलेलं नाही. आमची सगळी चीड तिथे आहे.

थोडं मागचं सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण या खेळात अलीकडे आलेत आणि मुंबईत फुटबॉल टीव्हीवाल्यांनी आणला असं बोलून दाखवतात. मला बाबा कूपरेजला घेऊन जायचे, रोव्हर्स कप बघायला. १८९१ साली सुरू झालेली स्पर्धा, या शहरातली. बाबांचे काका सांगायचे की हैदराबाद सिटी पोलीसने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो कप नेला आणि तरी मुंबईची माणसं त्यांच्याच मॅचला तिकिटासाठी रांगा लावायची, कारण खेळ बघण्यासारखा होता. इथे मिलच्या टीम होत्या, बँकांच्या होत्या, रेल्वेची, एअर इंडियाची. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा याच मुंबईत खेळायचा, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई माणूस. त्याच्या नावाचं टर्फ वांद्र्याला आहे, तिथे संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांना विचारा तो कोण होता, बहुतेकांना सांगता येणार नाही. तो दोष पोरांचा नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

रोव्हर्स कप २०००-०१ नंतर बंद पडला. मी तेव्हा शाळेत होतो, मला कळलंसुद्धा नाही, पुढच्या वर्षी बाबांना विचारलं कधी जायचं तर म्हणाले या वर्षी नाहीये बहुतेक. मग महिंद्रा युनायटेड. २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली त्यांनी, मुंबईची टीम देशात पहिली, मी कॉलेजला होतो आणि आठवडाभर लाल जर्सी अंगातून काढली नव्हती. २०१० मध्ये टीम बंद. लीग जिंकल्यावर फक्त चार वर्षांनी. मग मुंबई एफसी, २००७ ला सुरू झालेला, कधीच फार वर नाही, कधी कधी तर होम मॅच पुण्याला बालेवाडीत, तरी आम्ही जायचो, पहाटे उठून. तिथे खालिद जमील सात सीझन कोच होता, हाताशी जे असेल त्यात टीमला दर वर्षी वर टिकवून ठेवायचा. २०१६ ला त्याला सोडलं. पुढच्याच सीझनला काय झालं ते फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे, तो मिझोरामच्या ऐझॉलला जाऊन आय-लीग, तेव्हाची देशातली मोठी लीग, जिंकला आणि मुंबई एफसी त्याच टेबलमध्ये शेवटी राहून खाली गेला, आणि मग ती टीमही दिसेनाशी झाली. २०२५ मध्ये तोच माणूस भारताच्या टीमचा कोच झाला.

हे सगळं का सांगतोय, तर या शहरात क्लब काय, स्पर्धा काय, मोठ्याने पडत नाहीत. आधी सगळं मधोमध, शांत, बरं चाललेलं असतं, कोणी ओरडत नाही, स्टँड थोडा थोडा रिकामा होतो, आणि मग एका सकाळी पेपरात छोटीशी बातमी. आम्ही हे तीनदा बघितलंय. त्यामुळे तुम्ही जेव्हा म्हणता की "सगळं स्थिर आहे" तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो.

आता आपल्या क्लबचं.

कोच बदलला की नवीन कोच येतो आणि सांगतो की दोन वर्षं द्या, आणि तुम्ही त्याला एक सीझनही पूर्ण देत नाही, आणि बरं बदलता तेही कसं, एक जण बॉल पायात ठेवून खेळायला सांगणारा, त्यानंतरचा लांब बॉल मारायला सांगणारा, त्यानंतर परत पहिल्यासारखाच तिसरा. प्रत्येकाने आपल्या पसंतीचे चार खेळाडू आणलेले, त्यामुळे ड्रेसिंग रूममध्ये तीन वेगवेगळ्या कोचची उरलेली माणसं आहेत आणि कोणाचंच कोणाशी जुळत नाही. हे समजायला फुटबॉलचं लायसन्स लागत नाही, आमच्या रांगेत एक रिक्षावाले दादा बसतात, त्यांनी हे ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. मला प्रश्न हा आहे की कोच निवडतो कोण? तुमच्याकडे फुटबॉल समजणारा, खेळलेला, पाच वर्षं तिथेच राहणारा एक माणूस आहे का ज्याचं काम फक्त हे आहे की आपण कसं खेळायचं ते ठरवणं, म्हणजे कोच गेला तरी खेळ जाणार नाही? असेल तर त्याचं नाव आम्हाला आजवर ऐकायला मिळालेलं नाही.

होम ग्राउंड. हे लिहिताना मला खरंच राग येतोय. होम ग्राउंड म्हणजे घर ना, मग घर दर महिन्याला कसं बदलतं? कधी कूपरेज, कधी वांद्रे, कधी नवी मुंबई, आणि कळतं कधी तर दोन दिवस आधी. मान्य आहे, मुंबईत ग्राउंड मिळणं सोपं नाही, परवानग्या असतात, पाऊस असतो, दुसरे कार्यक्रम असतात. पण रविवारी मॅच ठेवताना मेगाब्लॉक बघायची एवढी साधी गोष्ट कोणी करत नाही? गेल्या महिन्यात सेंट्रलला ब्लॉक होता, डोंबिवलीवरून येणारा आपला ढोलवाला ग्रुप हाफ टाइमला पोचला, आणि पोचल्यावर गेटवर सांगितलं ढोल आत नेता येणार नाही, नवीन नियम. मागच्या मॅचला चाललेला ढोल या मॅचला का चालत नाही हे गेटवरच्या सिक्युरिटीलाही माहीत नव्हतं, त्याच्यावर ओरडून काय फायदा, तो बिचारा पंधरा हजाराची नोकरी करतोय. पोरांनी ढोल बाहेर चहाच्या टपरीवर ठेवला आणि आत येऊन टाळ्या वाजवल्या. नव्वद मिनिटं. हात लाल झालेले त्यांचे. अशी माणसं तुमच्याकडे आहेत आणि त्यांच्याशी बोलायला क्लबमध्ये एक माणूस नाही. युरोपात युएफाच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेच्या, लायसन्सच्या नियमात २०१२ पासून हे सक्तीचं आहे, प्रत्येक क्लबने फॅन्सशी बोलायला एक सपोर्टर लायझन ऑफिसर ठेवायचा. एक माणूस, एक फोन नंबर. पगार किती जाईल, तुमच्या एका बदली फॉरवर्डच्या हॉटेल बिलाएवढा.

आणि जर्सीचा रंग. स्पॉन्सर बदलला म्हणून रंग बदलला. वेल्समधल्या कार्डिफ सिटी क्लबच्या मालकाने २०१२ ला निळ्याचा लाल केला होता, शेवटी २०१५ ला परत निळा करावा लागला कारण लोकांनी ऐकलंच नाही. यावर जास्त लिहीत नाही. आमच्याकडे जुनी जर्सी आहे, आम्ही तीच घालून येतो, तुम्ही बघितलंच असेल.

मला सगळ्यात जास्त लागतं ते आपल्या पोरांचं. मी गेल्या वर्षी सहज मोजलं, सुरुवातीच्या अकरामध्ये मुंबईचे किती. बहुतेक मॅचला एक. कधी कधी तोही बेंचवर. मुंबईत पोरं नाहीत का? नागपाड्याला जा, धारावीत जा, माहीमला जा, वसईला जा, रविवारी सकाळी आझाद मैदानावर क्रिकेटच्या पिचेसच्या मधून पोरं बॉल नेताना बघा, तिथे जो टर्न घ्यायला शिकला त्याला कुठलाही डिफेंडर अडवू शकत नाही. आपला स्काउट, नवीन पोरं शोधणारा माणूस, तिथे शेवटचा कधी आला होता? एक गोष्ट आठवते मला, १७ मार्च २०१९, अंधेरीच्या ग्राउंडवर आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, बेंगळुरू विरुद्ध गोवा, एक्स्ट्रा टाइममध्ये ११७व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि हेडर मारून मॅच जिंकवली कोणी, तर राहुल भेकेने, आपल्या मुंबईच्या पोराने. आपल्याच शहरात, आपल्याच ग्राउंडवर, बेंगळुरूची जर्सी घालून. मी स्टँडमध्ये होतो, माझी टीम नव्हती तरी मी उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यात पाणी होतं. त्याने जावं कुठेही, चांगला खेळला, कमावलं, अभिमान आहे. पण इथल्या पोराला मोठं व्हायचं तर शहर सोडावंच लागतं असं का?

कोल्हापूरला जाऊन बघा एकदा. मी मावशीकडे गेलो की बघतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, पेठेपेठेच्या टीम, शाहू स्टेडियमला मॅच असली की दुकानदार शटर अर्धं ओढून जातात. तिथे कोणी इंटरनॅशनल कन्सल्टंट आणलेला नाही. तिथे खेळणारा पोरगा गल्लीतला असतो, त्याची आई स्टँडमध्ये असते, त्याने चुकीचा पास दिला तर दुसऱ्या दिवशी दूधवाला त्याला विचारतो. म्हणून स्टेडियम भरतं. आणि तुम्ही आम्हाला सांगता की मुंबईत प्रेक्षक येत नाहीत.

येतात हो. जून २०१८ आठवतंय का, अंधेरीला इंटरकॉन्टिनेंटल कप होता, तैवानविरुद्ध भारताने पाच गोल मारले, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला अडीच हजारच्या आसपास माणसं. मग छेत्रीने व्हिडिओ टाकला, शिव्या द्या पण या, हात जोडून. त्याची शंभरावी मॅच होती, केनियाविरुद्ध, ४ जूनला, तिकिटं संपली. धो धो पाऊस, आम्ही अंगावर प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन उभे, पूर्ण भिजलेलो, आणि कोणी हललं नाही. त्याने काय केलं होतं? मोकळेपणाने येऊन बोलला, एवढंच केलं. अडीच मिनिटंसुद्धा लागली नसतील. तुम्ही इतक्या वर्षांत ते एकदाही केलेलं नाहीये.

पैशांचं बोलतो, कारण तुम्ही लगेच तेच सांगाल, आणि त्यात तुमचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. भारतात फुटबॉल क्लब चालवून कोणी पैसे कमवत नाही हे आम्हालाही कळतं. २०२५ मध्ये तर भारताच्या फुटबॉल फेडरेशनचा आयएसएल चालवायचा पंधरा वर्षांचा करारच संपला, नवीन टेंडर काढलं तर नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही, सगळ्या देशाचे खेळाडू घरी बसून वाट बघत होते. अशा वेळी तुम्ही क्लब चालू ठेवलात, पगार दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार, हे मी स्टँडमध्ये पण बोलतो आणि लोक माझ्याशी भांडतात. पण पैसे कमी आहेत म्हणूनच तर डोकं जास्त लावायला पाहिजे ना? तीन कोचना अर्ध्यातून घालवायला जे पैसे लागले त्यात दोन वर्षं पंधरा वर्षांखालच्या पोरांची टीम चालली असती. सेट पीस, म्हणजे कॉर्नर, फ्री किक वगैरे, शिकवायला एक माणूस ठेवायला फार पैसे लागत नाहीत, पण पहिल्या पोस्टवर एक जण उभा राहिला तर वर्षाला चारेक पॉइंट जास्त येतील, हे तरी कोणी हिशोबात धरतं का?

आमचा हक्क काय, असंही तुमच्यातलं कोणीतरी म्हणालं होतं, मी नाव घेत नाही, पण ते आमच्यापर्यंत आलंय. कागदावर काही नाही, मान्य. जर्मनीत क्लबच्या मेंबर लोकांकडे निम्म्याहून एक मत जास्त राहतं, १९९८ पासूनचा नियम आहे, आपल्याकडे तसं काही नाही. पण कागद नसतानाही काय होतं ते बघा. कोलकात्याच्या मोहन बागानच्या नावापुढे २०२० ला एटीके या दुसऱ्या क्लबचं नाव लावलं, लोकांनी तीन वर्षं सोडलं नाही, बॅनर, मोर्चे, मॅचला न जाणं, आणि मार्च २०२३ मध्ये फायनल जिंकल्या जिंकल्या ग्राउंडवरच मालकांनी नाव काढत असल्याचं सांगितलं. लंडनमधलं विम्बल्डन तर माहीतच असेल, २००२ मध्ये क्लब उचलून दुसऱ्या गावाला न्यायची परवानगी मिळाली, तर फॅन्सनी स्वतःचा क्लब काढला, खेळाडू निवडायला मोकळ्या मैदानावर ट्रायल घेतल्या, आपल्या शिवाजी पार्कसारख्या, जो येईल त्याने यावं. नवव्या पायरीवरून सुरुवात, २०११ ला चौथ्या पायरीवर, २०२० ला आपल्या जुन्या रस्त्यावर नवीन ग्राउंड. ही धमकी नाहीये. आम्हाला दुसरा क्लब काढायचा नाहीये, आम्हाला हाच पाहिजे.

म्हणून मागणं एवढंच आहे की एकदा समोर येऊन बसा. हॉल आम्ही बघतो, दादरला किंवा परळला, चहा आम्ही ठेवतो. मालक स्वतः या, फक्त सोशल मीडिया बघणाऱ्या पोरीला पाठवू नका, ती चांगली आहे पण तिच्या हातात काही नाही. येताना एका कागदावर लिहून आणा की तीन वर्षांनी हा क्लब कुठे असायला पाहिजे, कोण ठरवणार, मुंबईची किती पोरं टीममध्ये असणार, आणि घर कुठलं. "आम्हाला दर वर्षी सहावं यायचंय, तेवढेच पैसे आहेत" असं लिहिलंत तरी चालेल, खरंच चालेल, आम्ही ऐकून घेऊ, पण ते आम्हाला तुमच्या तोंडून ऐकायचंय. आणि बंद करायचा विचार मनात असेल तर तोही तिथेच सांगा. पेपरातून नको. परत एकदा पेपरातून नको.

बहिष्कार वगैरे आम्ही घालणार नाही, ग्रुपमध्ये मतदान झालं त्यावर, बरीच पोरं तयार होती, पण शेवटी ठरलं की टीमला एकटं सोडायचं नाही. फक्त पुढच्या होम मॅचला पहिली दहा मिनिटं आमचा स्टँड गप्प बसेल, ढोल आत सोडला तरी. अकराव्या मिनिटाला सुरू करू. खेळाडूंना आधी कळवलंय, त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

उत्तर द्यायचं असेल तर त्या दिवशी मॅच संपल्यावर आम्ही मेन गेटच्या डाव्या बाजूला, टपरीपाशी थांबणार आहोत, शेवटच्या गाडीच्या आधी अर्धा तास निघू. माझा भाचाही येणार आहे. कॉर्नरचं त्याला तुम्हालाच विचारायचंय.

तुमचाच,
भांडुपवरून येणारा, तिसऱ्या रांगेतला, जुनी जर्सीवाला